तिसऱ्यांदा उजवा पडलेला कौल

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीची, वय 54. घरात मी, मिस्टर आणि मुलगा. मुलगा पाच वर्षं एमपीएससी करतोय. दोनदा पूर्व परीक्षा निघाली, मुख्यला अडकला. गेल्या उन्हाळ्यात म्हणाला, "आई, आता बास. तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये हिशेबाचं काम मिळतंय, ते धरतो." मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी देवघरात दत्ताच्या मूर्तीला कळ्या लावून कौल घेतला. पहिल्यांदा डावी पडली. वाटलं, प्रश्न नीट मांडला नाही. परत लावल्या, तर दोन्ही तशाच चिकटून राहिल्या. तिसऱ्यांदा उजवी पडली. त्याच आठवड्यात स्वप्नात दारात लाल दिव्याची गाडी दिसली. गुरुचरित्राची पोथी सहज उघडली तर सतरावा अध्याय निघाला. आमच्या भजनी मंडळात एक माई आहेत, त्यांना पुढचं दिसतं असं सगळे मानतात. त्या म्हणाल्या, गुरुपौर्णिमेपर्यंत काम होईल. नंतर म्हणाल्या, दत्तजयंतीपर्यंत. पत्रिकेतही सरकारी नोकरीचा योग सांगितलाय.

हे सगळं सांगून मी त्याला ती नोकरी धरू दिली नाही. "देवाचा कौल आहे" म्हटल्यावर तो गप्प बसला, तो अजून गप्पच आहे. जेवतो आणि खोलीत जातो. दत्तजयंती होऊन गेली. आता हंगाम तोंडावर आलाय म्हणून कोल्ड स्टोअरेजवाल्यांनी परत विचारलंय. तो कौल देवाचा होता का माझ्याच मनाचा, अशी शंका यायला लागलीय. अशी शंका घेणं पाप तर नाही ना? निकाल लागला की औदुंबरला चालत येऊन पेढे ठेवीन, असा नवसही बोललेय. काय करू?

— एक आई

उत्तर

ताई,

पापाचं आधी सांगते, कारण तेच तुम्हाला जास्त टोचतंय. ही शंका पाप नाही. आपल्याकडच्या साधनेत विवेकाला भक्तीच्या आड येणारी गोष्ट कधी मानलेलं नाही. उलट मनाला जे दिसतं, जे ऐकू येतं, त्याला लगेच भुलू नका असं जुन्या लोकांनीच बजावलंय. योगसूत्रांत तर सिद्धींना, म्हणजे दूरचं नि पुढचं दिसण्यासारख्या शक्तींना, समाधीच्या वाटेतला अडथळाच म्हटलंय. तेव्हा ज्या मनानं तुम्ही पारायण करता, त्याच मनानं ही शंकाही घेतलीत. तिला दडपू नका.

आता त्या कळ्यांकडं येऊ. पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे आणि तुम्ही ते काही न लपवता लिहिलंय, हे मला फार मोठं वाटतं.

कौल लावायची रीत आपल्या भागात जुनी, घाट उतरून कोकणात गेलं तर आणखी घट्ट. गुरव मूर्तीला ओल्या कळ्या नाहीतर पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. कळी पडते कशानं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ओल सुकत येते, देठाकडचा भार खाली ओढतो, एका बाजूला पाणी जरा कमी लागलेलं असतं, मूर्तीचा खांदा एकीकडं अधिक उतरता असतो. घरच्या लहान मूर्तीवर तर पंख्याचा वारासुद्धा पुरतो. पण तो वाद इथं बाजूला ठेवते. कौल देवच देतो असं धरून चालू. तरीही या रीतीत एक गोष्ट गृहीत आहे: गाऱ्हाणं घालणारा दोन्ही उत्तरांना तयार असला पाहिजे. डाव्याला तयार नसेल तर विचारण्यात काही अर्थच उरत नाही.

डावी पडली, तेव्हा तुम्हाला वाटलं की प्रश्न नीट मांडला नाही. उजवी पडली तेव्हा मात्र तो नीट मांडला गेला असं वाटलं. पहिल्याच खेपेला उजवी पडली असती, तर "एकदा परत लावून बघू" असं तुमच्या मनात आलं असतं का? हा प्रश्न स्वतःला शांतपणे विचारा आणि उत्तर कुणालाही सांगू नका. माझा कयास असा की आलं नसतं. तुम्ही कळ्या उचलून उदबत्ती लावली असती. म्हणजे उत्तर तुमच्याजवळ आधीच होतं आणि ते मिळेपर्यंत तुम्ही विचारत राहिलात. यात लबाडी कसलीच नाही. रात्रभर न झोपलेल्या आईचा हात होता तो. पण त्या कौलावर देवाचं नाव घालून तुम्ही तो मुलापुढं ठेवलात आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. तिच्याकडं शेवटी येते.

स्वप्नाचं थोडक्यात सांगते. मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे आपल्या आज्या सांगत आल्या आहेत. लाल दिव्याच्या गाडीचंच बघा. 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे सरकारनंच काढायला लावले. तुमचा मुलगा उद्या उपजिल्हाधिकारी झाला तरी त्याच्या गाडीवर तो दिवा नसेल. म्हणजे ते स्वप्न पुढून आलेलं नव्हतं, मागून आलं होतं. साहेबांची गाडी गावात आली की सगळे दारात येऊन उभे राहायचे, तो काळ तुम्ही पाहिलाय. तुमच्या आशेनं त्याच काळातलं चित्र उचललं. मला त्या स्वप्नाची किंमत कमी करायची नाही. मुलाला मान मिळावा यासाठी तुमचा जीव किती तुटतो, ते त्यात स्वच्छ दिसतं. पुढं काय होणार, ते मात्र त्यात दिसत नाही.

सतराव्या अध्यायावर जरा थांबायला हवं, कारण पोथी तुम्ही मनापासून वाचता. करवीरचा एक मंदबुद्धी मुलगा, आईबाप गेलेले, लोक त्याला हिणवतात. कंटाळून तो भिलवडीच्या भुवनेश्वरीपुढं अन्नपाण्यावाचून बसतो, शेवटी आपली जीभ कापून देवीला वाहतो. देवी त्याला नदीपलीकडं औदुंबरला श्रीगुरूंकडं जायला सांगते आणि तिथं त्याला ज्ञान मिळतं. आपल्या जिल्ह्यातल्याच नदीच्या दोन काठांवर घडलेली ही कथा. परीक्षेला बसलेल्या मुलाच्या आईला तो अध्याय उघडल्यावर काय वाटलं असेल, ते मला समजतं. पण तो परत एकदा वाचा, मुलाकडं लक्ष देऊन वाचा. देवीपुढं तो स्वतः गेला. तळमळ त्याची होती, मागणं त्याचं होतं, नदी ओलांडून जायचं पाऊलही त्याचंच. त्याच्या वतीनं कुणी कौल लावला नाही. आणि त्याला मिळाली ती विद्या. पद, गाडी, नेमणूक यातलं काही त्या कथेत नाही. तुमच्या मुलाला पाच वर्षांत विद्या मिळाली नाही असं तुम्ही म्हणाल का? दोनदा पूर्व परीक्षा काढणारा मुलगा राज्यघटना, अर्थव्यवस्था, भूगोल, इतिहास किती वाचून बसलाय! शिवाय पोथी आणखी चार पानं पुढं उघडली असती तर त्या पानातही तुम्हाला मुलाचंच काहीतरी सापडलं असतं. आपण ज्या चिंतेनं पान उघडतो, तीच पानावर वाचतो.

माई आणि पत्रिका. माईंचा हेतू चांगला असेल, मी त्यांना ओळखत नाही. पण गुरुपौर्णिमा टळली तेव्हा त्यांनी दत्तजयंती दिली. आता कदाचित अक्षय्य तृतीया देतील. जे भाकीत चुकलं तरी पुढच्या तिथीवर सरकतं, ते कधी खोटं ठरूच शकत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर कुणी घरातला निर्णय घेऊ नये. मंडळातही बघा. ज्यांचं काम झालं ते पेढे घेऊन येतात, सगळ्यांसमोर सांगतात. ज्यांचं झालं नाही ते दोन गुरुवार येत नाहीत आणि त्यांना कुणी विचारत नाही. वर्षानुवर्षं फक्त पेढेवालेच डोळ्यापुढं राहिले की माईंना पुढचं दिसतं असं वाटणारच. त्यांनी अजून पैसे मागितलेले दिसत नाहीत. उद्या मागितले, किंवा "हे केलं नाहीत तर वाईट होईल" अशी भीती घातली, तर मात्र तिथून उठा. अंगात शक्ती आहे असं भासवून लोकांना भीती घालणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

पत्रिकेबद्दल एकच सांगते. मूळचे कोल्हापूरचे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी काही वर्षांपूर्वी एक चाचणी घेतली. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकरही त्यात होते. 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या, निम्मी मुलं हुशार, निम्मी गतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका देऊन एवढंच विचारलं, यातली हुशार मुलाची कोणती? 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवून सांगितलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. मूल हुशार आहे का गतिमंद, एवढा मोठा फरक जिथं पत्रिकेत सापडला नाही, तिथं राज्यसेवेच्या यादीतलं नाव सापडेल यावर किती विसंबायचं, ते तुम्हीच ठरवा.

तुम्ही सांगलीच्या आहात म्हणून एक आठवण करून देते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पट्टी 40 फुटांवर गेली की इशारा, 45 वर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी चढत होतं तेव्हा कितीतरी घरांत एकच वाक्य होतं: "2005 ला आपल्या उंबऱ्याला लागलं नव्हतं, यंदाही लागणार नाही." त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. वरच्या मजल्यावर अडकलेले ते लोक काही अडाणी नव्हते. घर सोडायला जीव होत नव्हता, म्हणून मन पट्टीकडं न बघता जुन्या आठवणीला धरून बसलं. देवावर भार टाकून बसलेलेही त्यात होते. देवानं त्यांना पट्टी दाखवली नव्हती असं मात्र म्हणता येणार नाही. ती रोज सांगितली जात होती.

तुमच्या मुलाजवळही अशी पट्टी आहे. आयोगाचे कटऑफ जाहीर होतात, त्याला त्याचे गुण माहीत आहेत. पहिल्या मुख्य परीक्षेत तो कटऑफच्या किती खाली होता, दुसऱ्या वेळी किती? अंतर कमी झालंय का वाढलंय? शिवाय 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय. पर्याय निवडायचे दिवस गेले, आता पानंच्या पानं लिहायची. त्याचा हात लिहिण्यात चालतो का, नव्यानं ती तयारी करायला त्याच्यात दम उरलाय का? हे त्याला ठाऊक असणार. "आता बास" म्हणाला तेव्हा बहुतेक याच आकड्यांकडं बघून म्हणाला असेल. तुम्ही त्याला ते विचारलंत का? तुमच्या पत्रात कळ्या आहेत, माई आहेत, स्वप्न आहे, पोथी आहे. मुलाचं म्हणणं एका वाक्यात आटोपलंय आणि मिस्टरांना काय वाटतं ते कुठंच नाही. पत्र दोनदा वाचल्यावर मला तेच सगळ्यात जास्त लागलं.

तुम्ही म्हणाल, मग देव काही सुचवतच नाही का? मी नाम घेणारी बाई आहे आणि सुचवतो असंच मला वाटतं. पण ते सुचणं कसं असतं, याबद्दल माझं एक निरीक्षण आहे. ज्यांची उपासना खरोखर मुरलेली आहे अशी माणसं मी पाहिलीत. त्यांना जे सुचतं ते बहुधा स्वतःला काहीतरी करायला लावणारं असतं, तेही नको वाटणारं: जावेशी बोलायला जा, त्या माणसाचे पैसे परत कर, आज तरी रागानं बोलू नकोस. तारखा त्यात क्वचितच असतात. दुसऱ्यानं ऐकावं म्हणून त्याचा उपयोग तर कधीच केलेला दिसत नाही. काल रात्री मला जे हवं होतं, नेमकं तेच सकाळी देवानं सांगितलं असेल, तर ते चार दिवस तसंच ठेवावं. आपली हांजी हांजी न करणाऱ्या एखाद्या माणसाला सांगून बघावं. त्यानं भुवई उंचावल्यावर आपल्याला राग आला, तर तो राग कशाचा, हेही तपासावं. खऱ्या सूचनेला घाई नसते आणि कुणी शंका काढली तर तिला धक्का लागत नाही.

सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे, त्या समर्थांनी जन्मभर प्रयत्नाचा आग्रह धरला. गोंदवल्याला, गोंदवलेकर महाराजांच्या समाधीला गेलात तर 'राम कर्ता' हा भाव कानावर येतो. वरवर ही दोन टोकं वाटतात, पण पुढं काय होणार ते आगाऊ कळावं, अशी मागणी दोन्हीकडं नाही. राम कर्ता म्हणायचं आणि यादी आधी दाखव म्हणून त्याच्या मागं लागायचं, हे एकत्र कसं बसेल? पारायण चालूच ठेवा. त्यातून धीर मागा, मुलाचं बोलणं ऐकून घ्यायची ताकद मागा. निकाल काहीही लागला तरी घरातलं वातावरण मोडू नये, हे मागा. अशा मागण्याला कौल लावावा लागत नाही.

आता मुलाबद्दल. तुम्ही "मला वाटतं तू अजून एकदा बसावं" म्हटलं असतंत, तर तो भांडला असता. आईशी भांडता येतं. "देवाचा कौल आहे" म्हटल्यावर त्यानं भांडायचं कुणाशी? नाही म्हणावं तर देवाला नाही म्हटल्यासारखं, तुमची भक्ती खोटी ठरवल्यासारखं. नापास झाला तर स्वतः नापास होऊन वर देवालाही खोटं पाडल्याचं ओझं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा इतक्या कोंडीत गप्पच बसणार. त्याची वाट तुम्ही प्रेमानंच अडवलीत, पण अडवलीत. ती तुम्हालाच मोकळी करावी लागेल. माईंना विचारायला जाऊ नका, चौथ्यांदा कळ्याही लावू नका.

आज-उद्याच, मिस्टर घरी असताना, त्याच्याशी बोला. तो कौल मी तीनदा लावला होता, पहिला डावा पडला होता, हे त्याला सांगा. तुम्ही हे मला लिहिलंत, म्हणजे त्यालाही सांगू शकाल. "तो कौल मी परत घेते, तू तुझं ठरव, जे ठरवशील त्यात मी आहे" एवढं म्हणा आणि थांबा. तो लगेच बोलेलच असं नाही. बोलला नाही तर मध्ये काही भरू नका, चहा ठेवा. नोकरी धर असं मी सांगत नाही, आणखी एकदा बस असंही सांगत नाही. ते त्याचे गुण, त्याचा दम आणि त्याची इच्छा बघून त्यानं ठरवायचंय. नोकरी धरून संध्याकाळी अभ्यास करणारी मुलं आहेत, सगळं सोडून दुसऱ्या कामात रमलेलीही आहेत. तासगावच्या बेदाण्याच्या व्यवहारात हिशेब सांभाळणं हे काही हलकं काम नाही. एका हंगामात तिथं किती पैसा फिरतो ते तुम्हाला माहीत आहे.

एक काळजी मात्र घ्या. त्याची झोप कशी आहे, मित्र येतात का, "काही अर्थ नाही", "मी कशाला आहे" असं काही तो बोलतो का, याकडं लक्ष असू द्या. तसं काही दिसलं तर थांबू नका. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तुम्ही स्वतः फोन करून विचारलंत तरी चालतं.

राहिला नवस. निकाल लागला की जाईन असं बोललात. मी म्हणेन, निकालाची वाट बघू नका. या गुरुवारीच औदुंबरला जा, चालवेल तेवढं चाला. पेढे ठेवा आणि काही मागू नका. मुलाला यावंसं वाटलं तर बरोबर घ्या, नाही म्हणाला तर आग्रह करू नका. आणि कोल्ड स्टोअरेजवाल्यांना काय कळवायचं, तो फोन त्यालाच करू द्या.

तुमची,
ताई